दोन माणसांची गाडी

हिरोशिमाला जाऊन आलो असे सांगितले की ऐकणाऱ्याचा चेहरा गंभीर होतो. ते साहजिकच आहे. ६ ऑगस्ट १९४५ ह्या तारखेने त्या गावाचे नाव साऱ्या जगाच्या मनात कोरून ठेवले आहे. मी आणि सौ. भाच्याकडे तीन आठवडे राहायला गेलो, तेव्हा मनाची तशीच तयारी करून गेलो होतो. स्मृतिउद्यानात गेलो, त्या घुमटाच्या सांगाड्यापुढे उभे राहिलो, मुलांनी घडी घालून केलेले कागदी करकोचे पाहिले. त्याविषयी अनेकांनी फार चांगले लिहिले आहे. माझ्या लेखणीने त्यात भर पडणार नाही. मला सांगायचे आहे ते त्या गावाच्या एका घरगुती गुणाविषयी. हे गाव जुनी वस्तू मोडीत काढायला सहसा तयार होत नाही. आणि हा गुण मला दिसला तो एका निळ्या, छोट्या, पस्तीस वर्षांच्या मोटारीच्या निमित्ताने.

पण मोटारीच्या आधी ट्रामबद्दल सांगायला हवे. ओता नदी समुद्राजवळ येता येता सहा फाट्यांत विभागते आणि त्या फाट्यांमधल्या सपाट बेटांवर हिरोशिमा वसले आहे. चार पावले चाललो की पूल, पुन्हा चार पावले की पूल. ह्या पुलांवरून ट्राम खडखडत जातात. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली आणि मग ती गोष्टींत आणि जुन्या चित्रपटांतच उरली. हिरोशिमाने उलटे केले. ओसाका, कोबे, क्योतो ह्या शहरांनी आपापल्या ट्राम बंद केल्या तेव्हा हिरोशिमाच्या कंपनीने त्यांचे जुने डबे विकत घेतले, दुरुस्त केले आणि मूळ रंगातच आपल्या रुळांवर सोडले. पहिल्या दिवशी सौ. म्हणाली, "अहो, इथे प्रत्येक ट्राम वेगळ्याच रंगाची कशी?" त्याचे उत्तर हे असे होते. लोक ह्या ट्रामसेवेला चालते-फिरते संग्रहालय म्हणतात. मात्र ह्या संग्रहालयात हिरोशिमाचे लोक रोज कचेरीला आणि शाळेला जातात.

१९४५ साली ह्या ट्रामच्या तारा तुटल्या, डबे जळाले, माणसे गेली. तरीही ९ ऑगस्टला, म्हणजे अवघ्या तीन दिवसांनी, गावाच्या पश्चिम बाजूच्या एका छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा सुरू झाली. पुरुष युद्धावर गेलेले असल्यामुळे कंपनीच्या शाळेतल्या मुली त्या काळात ट्राम चालवीत आणि तिकिटे फाडीत. सगळा मार्ग नीट होईपर्यंत थांबू, असे कोणी म्हटले नाही. जेवढे चालवता येईल तेवढे आधी चालवू या, बाकीचे मागाहून पाहू. ह्या विचाराची आठवण मला पुढे फार वेळा झाली.

गावाच्या पूर्वेला हिजियामा नावाची टेकडी आहे. तिच्या पलीकडे फुचू नावाच्या गावात माझदा मोटारींचा कारखाना आहे. आपल्याकडेही 'स्वराज माझदा' अशी अक्षरे असलेल्या लहान मालमोटारी आणि शाळेच्या बसगाड्या एके काळी सर्रास दिसत. ह्या कंपनीचा जन्म १९२० साली झाला, आणि तोही मोटारींसाठी नव्हे, तर बुचाच्या मालासाठी. पुढे जुजिरो मात्सुदा नावाच्या गृहस्थांनी ती हाती घेतली आणि १९३१ साली तिथे तीनचाकी मालगाडी बनू लागली. तिला 'माझदा' हे नाव दिले. त्यात मालकांच्या आडनावाचा ध्वनी आहे, आणि आपल्या पारशी बांधवांच्या अहुर मज्द ह्या ज्ञानदेवतेचेही नाव आहे. मुंबईच्या अग्यारीतला देव हिरोशिमाच्या तीनचाकीवर कसा जाऊन बसला, ही हकीगत ऐकून सौ.ला मोठी मौज वाटली.

बाँब पडला तेव्हा हा कारखाना केंद्रापासून पाचएक किलोमीटर दूर आणि टेकडीच्या आड होता, म्हणून त्याच्या भिंती उभ्या राहिल्या. जखमींवर इथे उपचार झाले, आणि गावातल्या साऱ्या कचेऱ्या नष्ट झाल्यामुळे प्रांताचा कारभार काही महिने इथूनच चालला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाकी गाड्यांचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. गाव बांधायचे तर विटा, लाकूड, तांदूळ वाहायला काहीतरी हवेच होते. कंपनीच्या संग्रहालयात ह्या तीनचाकी अजून आहेत. आपल्या रिक्षा-टेम्पोच्या जातीच्याच, पण चेहऱ्याने जरा अधिक गंभीर.

आता निळ्या गाडीकडे येतो. १९८९ साली ह्या कंपनीने एक अगदी छोटी उघडी मोटार काढली. जपानात तिचे नाव युनोस रोडस्टर, परदेशात एमएक्स-५ किंवा मियाता. दोन आसने, कापडी छप्पर, सोळाशे सी.सी.चे इंजिन, १२० अश्वशक्ती आणि वजन साडेनऊशे किलोच्या आत. इंग्रजांनी साठीच्या दशकात अशा गाड्या केल्या होत्या. त्या दिसायला सुंदर, पण तेल गळणाऱ्या आणि पावसात रुसणाऱ्या. माझदाने ती सुंदरता ठेवली आणि रुसणे काढून टाकले. तिचे दिवे बॉनेटमध्ये लपलेले असतात. बटण दाबले की झोपेतून जागे झालेल्या बाळासारखे ते डोळे वर येतात. कंपनीचे तत्त्व होते 'जिन्बा इत्ताइ', म्हणजे घोडा आणि स्वार एकरूप. २०१६ साली ह्या घराण्याच्या गाड्यांची संख्या दहा लाखांवर गेली. दोन आसनांच्या खेळकर गाड्यांत एवढा खप दुसऱ्या कोणत्याही गाडीचा झालेला नाही.

माझा भाचा हिरोशिमात नोकरी करतो. त्याच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. वय ऐंशीच्या पुढे. सारा जन्म त्यांनी मोटारींच्या कारखान्यात काढला आणि १९९० साली बायकोच्या हट्टाखातर ही निळी गाडी घेतली. जपानात म्हातारी माणसे वाहन चालवण्याचा परवाना आपण होऊन परत करतात. ह्यांनीही तो केला. बायको आधीच गेली होती. गाडी पर्सिमनच्या झाडाखाली पाने झेलीत उभी राहिली. भाचा येता-जाता तिच्याकडे बघत असे. शेवटी एक दिवस आजोबाच म्हणाले, "घेऊन जा. दहा हजार येन दे, म्हणजे कागदोपत्री विक्री होईल. पण चालू झाली की मला एकदा बसव."

एक येन म्हणजे आपले पन्नास-साठ पैसे. तेव्हा गाडी पडली पाच-सहा हजार रुपयांना. पण खरा प्रश्न पुढेच होता. सूनबाईला सातवा महिना लागला होता. घरात दोनाची तीन माणसे होणार, आणि नवरा आणतो आहे दोन माणसांची गाडी! तिने भांडण केले नाही. शांतपणे एक वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिले: एकूण तीन लाख येन, गाडीच्या किमतीसकट. त्यापुढे एक येनही नाही. आणि बाळ घरी येण्याआधी गाडी तपासणीत उतरली पाहिजे, नाहीतर ती मोडीत जाईल.

आम्ही पोचलो तेव्हा ह्या वहीची चार पाने भरली होती. "मामा, तुम्ही हिशेबात बसा," सूनबाई मला म्हणाली. "मी बोलले तर ते बायकोचे बोलणे होते." तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर मी हिशेबनीस झालो.

कंपनी स्वतः ह्या जुन्या गाड्यांचे पुनरुज्जीवन करून देते. २०१७ च्या अखेरीस तिने त्यासाठी अर्ज मागवायला सुरुवात केली. त्या पहिल्या गाड्यांची कापडी छपरे, लाकडी स्टीअरिंग, एवढेच काय मूळ नक्षीचे टायरसुद्धा तिने पुन्हा बनवून घेतले. परंतु ह्या कामाचा आकडा पंचवीस लाख येनांच्या घरात सुरू होतो. वहीत त्याला जागाच नव्हती. तेव्हा भाच्याने आपला क्रम ठरवला, आणि तो क्रम मला फार शहाणपणाचा वाटला. आधी चालली पाहिजे, मग थांबली पाहिजे, मग गळायची बंद झाली पाहिजे, आणि दिसण्याचा विचार सगळ्यांत शेवटी. हौशी माणसे नेमकी उलटी सुरुवात करतात. आधी रंग आणि चाके, मग इंजिनासाठी पैसे उरत नाहीत.

'चालली पाहिजे' ह्या सदरात पहिला मान टायमिंगच्या पट्ट्याचा. हा रबरी पट्टा इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडतो-मिटतो. लाखभर किलोमीटरला तो बदलायचा असतो. ह्या सोळाशेच्या इंजिनात एक सोय आहे: पट्टा तुटला तर गाडी रस्त्यात थांबते, पण झडपा पिस्टनवर आपटून इंजिनाचा चुराडा होत नाही. मात्र सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांचा एक कच्चा दुवाही आहे. क्रँकच्या टोकाची पुली धरणारा बोल्ट ढिला राहिला तर तिथली खाच झिजते आणि सारे इंजिन निकामी होते. पुलीला चार खाचा असल्या तर ते जुने इंजिन, आठ असल्या तर सुधारलेले. भाच्याने विजेरी धरून मला खाचा मोजायला लावल्या. चारच निघाल्या. मग त्याने मापाने आवळणारा पाना मित्राकडून उसना आणला आणि पुस्तकात दिलेल्या मापाबरहुकूम बोल्ट बसवला. पट्टा, पाण्याचा पंप आणि सील मिळून २६ हजार. रेडिएटरची प्लास्टिकची टाकी उन्हातापाने तपकिरी झाली होती. तपकिरी झाली म्हणजे लवकरच फुटणार. नवा रेडिएटर आणि नळ्या २९ हजार. ब्रेक आणि क्लचचे सिलिंडर, रबरे, तेल ३३ हजार. टायर ३० हजार.

'गळणे' हे प्रकरण त्याहून खोल होते. कापडी छपरावरचे पावसाचे पाणी मागच्या बाजूच्या पन्हळीत जाते आणि दरवाजांमागच्या दोन नळ्यांतून खाली रस्त्यावर पडते. ह्या नळ्या पानांनी तुंबल्या की पाणी वाट बदलते आणि दरवाजाखालच्या पोकळ पत्र्यात साठते. वरून रंग चकचकीत, आतून पत्रा कुजलेला. गच्चीची मोरी तुंबली की आपल्या वाड्यांच्या भिंती फुगतात, तोच हा प्रकार. पर्सिमनच्या पानांनी आपले काम चोख केले होते. भाच्याने पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हर टोचला आणि तो पापडात जावा तसा आत गेला. त्या रात्री वहीत मी काहीच लिहिले नाही.

वेल्डिंग त्याला येत नव्हते, आणि गाडीचा हा भाग म्हणजे तिचा कणा. नवशिक्याने हात घालायची ती जागा नव्हे. गावाबाहेर बापलेकांचे एक गॅरेज होते. त्यांनी आधी लाखाच्या वर आकडा सांगितला. भाच्याने विचारले, "आसने, गालिचा, कडांच्या पट्ट्या मी काढून दिल्या, आणि मागाहून मीच बसवल्या तर?" बापाने थोडा विचार केला आणि ७० हजारांवर आला. नव्या पत्र्याच्या आतल्या बाजूस गंजरोधक मेण फवारून दिले ते वर. तुटपुंज्या पैशांत काम करायचे तर हाच मार्ग: ज्यात कसब लागते तिथे पैसे द्यायचे, ज्यात नुसता वेळ लागतो तिथे आपला वेळ द्यायचा.

छप्पर मात्र बदलावेच लागले. त्याची मागची प्लास्टिकची खिडकी दुधासारखी पांढरी पडून चिरली होती. नव्या छपराला ४८ हजार. बसवायला दोन रविवार गेले. सूनबाई पायरीवर उशी घेऊन बसे आणि पुस्तकातल्या सूचना मोठ्याने वाचून दाखवी, सौ. सगळ्यांना पोहे पुरवी. आजोबा कुंपणापलीकडून पाहत उभे राहत. छप्पर खाली करण्यापूर्वी खिडकीची चेन उघडायची, नाहीतर ती पुन्हा चिरेल, एवढी एकच सूचना त्यांनी तीनदा केली.

रंगाला कोणी हात लावला नाही. बॉनेटवरचा निळा रंग उन्हाने फिकटला आहे, डाव्या बाजूला एक ओरखडा आहे. तो आजोबांच्या पत्नीने बाजाराच्या फाटकाशी ओढलेला. वहीत रंगासाठी पैसेही नव्हते. पण असते तरी तो ओरखडा राहिला असता असे मला वाटते.

आता हिशेब पाहा. गाडी, कामे आणि सामान मिळून झाले २ लाख ४६ हजार. सरकारी तपासणी, कर आणि सक्तीचा विमा ह्यांसाठी ४५ हजार बाजूला काढायचे. उरले ९ हजार. भाचा जन्माचा हौशी. त्याच्या मनात गाडी खाली बसवायची, रुंद चाके लावायची अशी स्वप्ने होती. पण जपानी कायदा सांगतो की गाडीच्या पोटाखाली जमिनीपासून निदान ९ सेंटिमीटर मोकळी जागा हवी, चाके अंगाबाहेर येता कामा नयेत. आणि ९ हजारांत स्वप्ने बसतही नव्हती. मग ह्या पैशांतून गाडीत एकच सुधारणा करायची, तर कोणती?

उत्तर मिळाले मोडीच्या आवारात. पुण्याचा जुना बाजार मी लहानपणापासून पाहिला आहे. तिथे ढिगातून वस्तू शोधायची आणि घासाघीस करायची. इथे मोडलेल्या गाडीचा प्रत्येक भाग धुऊन, पुसून, चिठ्ठी लावून फळीवर मांडलेला. २००५ पासून जपानात मोटारींच्या पुनर्वापराचा कायदा अंमलात आहे. गाडी घेतानाच तिच्या अंत्यविधीचे पैसे भरावे लागतात. ह्याच रोडस्टरचे १९९३ नंतरचे अठराशेचे मॉडेल तिथे होते. त्याच्या पुढच्या ब्रेकच्या चकत्या २५५ मिलिमीटरच्या, आपल्या गाडीच्या २३५ च्या. मोठ्या चकत्या आणि त्यांना लागणारे कंस काढून ह्या गाडीला बसतात, आणि ब्रेक जास्त भरवशाचे होतात. किंमत बरोबर ९ हजार. भाच्याने मला विचारले, "मामा, लिहू?" मी म्हटले, "मला काय विचारतोस? वहीच्या मालकिणीला विचार." सूनबाई म्हणाली, "थांबण्यासाठी असेल तर लिहा." अशा रीतीने गाडीत जी एकच सुधारणा झाली ती वेगाची नव्हे, थांबण्याची होती.

जपानात खासगी गाडीची तपासणी दर दोन वर्षांनी होते आणि जुन्या गाडीला करही चढा असतो. बहुतेक लोक गाडी गॅरेजवाल्याकडे देऊन मोकळे होतात; पण मालकाला स्वतः गाडी घेऊन तपासणीच्या रांगेत उभे राहता येते आणि पैसे वाचतात. भाच्याने सकाळची वेळ घेतली. मी प्रेक्षकांच्या कठड्याशी उभा राहिलो. ब्रेक, धूर, दिव्यांची दिशा, वेगमापक, पोटाखालचा तपास. एकेका टप्प्यावर फलकावर गोल उमटला की उत्तीर्ण, फुली आली की बाहेर. आपल्याकडे शिक्षक चुकीला फुली देतात तसेच. मात्र बरोबरची खूण नाही, गोल. दिव्यांना फुली आली. वर उघडणारे ते डोळे किंचित तिरळे निघाले. कोपऱ्यावरच्या एका दुकानात दिव्यांची दिशा लावून घेतली, त्याचे पैसे माझ्या खिशातून गेले. ती वहीबाहेरची भेट म्हणून सूनबाईने मंजूर केली. दुपारी गोल आला.

त्या संध्याकाळी आजोबांना बसवले. गाडीत जागा दोनच, त्यामुळे आम्ही बाकीचे ट्रामने बंदरापर्यंत गेलो आणि तिथे वाट पाहिली. निळी गाडी छप्पर उघडून हळूहळू आली. आजोबांनी टोपी हातात धरली होती. चहा घेताना मी भाच्याच्या मध्यस्थीने त्यांना म्हटले की तुमच्या गावाने मोडलेले सगळे पुन्हा उभे केले, तशीच ही गाडीही उभी राहिली. त्यांनी नम्रपणे मान लववली आणि मग म्हणाले, "गाडी ही गाडी असते. तिचे भाग मिळतात. मी दोन वर्षांचा होतो, आईबरोबर खेड्यात होतो. वडील त्या सकाळी गावात कामाला गेले. त्यांचा भाग कुठून आणायचा?" कोणी काही बोलले नाही. मग तेच हसून म्हणाले, "म्हणून ज्याचे भाग मिळतात ते तरी दुरुस्त करावे."

दोन दिवसांनी माझी पाळी आली. कुरेपासून पुढे सेतो समुद्रातली बेटे सात पुलांनी एकमेकांना जोडली आहेत. पहाटे निघालो. खाली निळेभोर पाणी, त्यात कालवांचे तराफे, उतारावर संत्र्यांच्या बागा. छप्पर उघडे असल्यामुळे प्रत्येक बागेचा वास आत येत होता. रस्ता वळला की गाडी आपण होऊन वळल्यासारखी वळे. ओसाकी-शिमोजिमा बेटावरच्या मितराइ गावात थांबलो. शिडाच्या गलबतांच्या काळातले हे बंदर. जुनी लाकडी घरे अजून नीट राखलेली. एका दारात पेटीत संत्री ठेवली होती, शेजारी पैसे टाकायचा डबा, दुकानदार कोणी नाही. आम्ही दोन पिशव्या घेतल्या. एक घरासाठी, एक आजोबांसाठी.

परतताना मी भाच्याला विचारले, "बाळ आल्यावर गाडी ठेवणार का?"

"ठेवीन," तो म्हणाला. "बाळ आणि त्याची आई ट्रामने येतील, मी आजोबांना घेऊन गाडीने. आणि मामा, वहीत अजून पाने आहेत."

भारतात आल्यावर महिन्याभरात मुलगी झाल्याचा फोन आला. सूनबाईने त्या वहीचे नवे पान उघडले आहे म्हणे. दूध, दुपटी, लसी. जुन्या हिशेबाखाली एक रेघ, आणि रेघेखाली तिच्या अक्षरात लिहिले आहे: शिल्लक शून्य, गाडी चालू.